नोव्हाक, नोव्हाकोव्हा आणि दारावरची पाटी

सौ. पाटील यांस सप्रेम नमस्कार.

आपण यजमानांच्या नोकरीनिमित्त मुलीसह चेक देशातल्या ब्रनो शहरात येत आहात आणि तयारी करता करता दोन शंका आपल्याला पडल्या आहेत. पहिली अशी की, घरमालकांचे आडनाव नोव्हाक, कंपनीतून कागदपत्रांबद्दल लिहिणाऱ्या बाई नोव्हाकोव्हा आणि मुलीसाठी कुणी सुचवलेले डॉक्टरही नोव्हाक, तेव्हा हे सगळे एकाच घरातले तर नाहीत ना, आणि असले तर भाड्याविषयी घासाघीस करणे अडचणीचे ठरेल का? दुसरी अशी की, तिथे गेल्यावर आपण 'पाटिलोव्हा' होणार का? व्हिसा, विमा आणि थंडीचे कपडे यांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. आडनावावर मात्र कुणी लिहीत नाही, आणि बारा वर्षांच्या वास्तव्यात माझे सर्वाधिक हेलपाटे नेमके याच एका गोष्टीमुळे झाले आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिल्या शंकेचे उत्तर सोपे आहे. ते एकमेकांचे कुणी नसण्याचीच शक्यता फार मोठी आहे, तेव्हा भाड्याबद्दल निःसंकोच बोलावे. नोव्हाक हे चेक देशातले सर्वांत जास्त आढळणारे आडनाव आहे. एक कोटीहून थोड्या अधिक लोकसंख्येच्या या देशात नोव्हाक आडनावाचे पुरुषच ३० हजारांहून अधिक आहेत आणि नोव्हाकोव्हा आडनावाच्या स्त्रियाही तितक्याच. आपल्याकडे शाळेच्या पुस्तकात किंवा अर्जाच्या नमुन्यात जसा एखादा काल्पनिक अर्जदार असतो, तसा इथे 'यान नोव्हाक' असतो. बँकेच्या माहितीपत्रकावर, नमुना करारावर आणि विनोदातसुद्धा हाच गृहस्थ भेटतो. त्यामुळे खरोखरीच यान नोव्हाक असे नाव असलेल्या माणसाला आपण कल्पित नाही हे अधूनमधून पटवून द्यावे लागत असेल, असे मला नेहमी वाटते.

या आडनावाचा अर्थ आपण लक्षात ठेवावा, कारण तो आपल्याच उपयोगाचा आहे. 'नोव्ही' म्हणजे नवा, आणि नोव्हाक म्हणजे गावात नव्याने आलेला माणूस. आपल्या जुन्या दप्तरांत गावच्या वंशपरंपरागत जमीनधारकाला मिरासदार आणि बाहेरून येऊन जमीन कसणाऱ्याला उपरी म्हणत. नोव्हाक हा तिथला उपरी. देशातल्या सर्वांत 'इथल्या' आडनावाचा मूळ अर्थ 'इथला नसलेला' असा निघावा, ही गंमत मला कळली तेव्हा मी चेक भाषेच्या वर्गात एकटीच हसले होते. चेक शिक्षिकेला त्यात हसण्यासारखे काय आहे, ते कळेना. नोव्होत्नी हे तिथले आणखी एक फार प्रचलित आडनाव, त्याचाही अर्थ जवळजवळ हाच. शेजारच्या पोलंडमध्ये नोवाक आणि स्लोव्हेनियात नोव्हाक ही त्या त्या देशांतली सर्वाधिक आढळणारी आडनावे आहेत. टेनिसपटू नोव्हाक जोकोविच याचे मात्र ते आडनाव नव्हे, नाव आहे. सर्बियात ते पुरुषाचे नाव म्हणून ठेवतात.

एकाच अर्थाची माणसे इतक्या गावांत स्वतंत्रपणे का निपजली, याचे उत्तर जुन्या शेतीव्यवस्थेत आहे. १६१८ ते १६४८ या तीस वर्षांच्या युद्धात बोहेमिया आणि मोराव्हिया या चेक प्रांतांतली अनेक शेते ओस पडली, आणि त्यांवर येऊन बसलेला नवा कुळवाडी गावाच्या तोंडी साहजिकच 'नवा' झाला. शिवाय तिथे बराच काळ आडनाव माणसाला कमी आणि वाड्याला जास्त चिकटलेले असे. एखादा माणूस लग्नाने किंवा खरेदीने दुसऱ्याच्या शेतघरात राहायला गेला, तर गाव त्याला त्या घराच्या नावाने ओळखू लागे, आणि त्याची मुले त्याच नावाने नोंदली जात. घरजावयाने सासरचे नाव लावावे तसा हा प्रकार होता. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस सम्राट दुसऱ्या जोसेफच्या कारकिर्दीत आडनाव कायमचे आणि वंशपरंपरेने चालणारे ठरवण्यात आले, तेव्हा त्या घडीला ज्याला जे नाव चिकटलेले होते ते त्याच्या वंशाला कायमचे राहिले. म्हणजे दोन गावांतले दोन नोव्हाक नात्याचे असतीलच असे नाही, आणि एकाच वाड्यातले पूर्वीचे व नंतरचे नोव्हाकसुद्धा रक्ताचे असतील असे सांगता येत नाही.

हे आपल्याला इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण म्हणजे आपली एक सवय. 'आपण कोणते पाटील? मूळ गाव कोणते?' हा प्रश्न आपल्याला आयुष्यात किती वेळा विचारला गेला असेल, ते आपणच जाणता. आणि पाटील ही मुळात वतनाची खूण असल्यामुळे मराठा, आगरी, लिंगायत, जैन, मुसलमान अशा कितीतरी घरांत ती आडनाव म्हणून नांदते, हेही आपल्याला ठाऊक आहे. तरीही आपण आडनाव ऐकताच माणसाचा ठावठिकाणा मनात मांडू लागतो. तिथे ही सवय सोडून द्यावी लागते. नोव्हाक या शब्दावरून समोरच्याचा धंदा, धर्म, गाव किंवा ऐपत यांपैकी काहीही कळत नाही, आणि तसे विचारले तर तो गोंधळून पाहतो. मी पहिल्या वर्षी आमच्या इमारतीतल्या एका वयस्क नोव्हाक गृहस्थांना, ते संगीतकार नोव्हाकांच्या घराण्यातले आहेत का, असे मोठ्या अदबीने विचारले होते. ते म्हणाले, 'बाई, मी ट्रामचा चालक होतो.'

ते संगीतकार म्हणजे व्हीतेझ्स्लाव नोव्हाक (१८७०–१९४९). हे प्राग संगीत महाविद्यालयात आंतोनिन द्वोर्झाक यांचे शिष्य होते, आणि पुढे मोराव्हिया व स्लोव्हाकियाच्या लोकगीतांच्या ओढीने त्यांचे संगीत गुरूंपासून बरेच वेगळे झाले. संगीतातलेच दुसरे नोव्हाक, यान नोव्हाक (१९२१–१९८४), हे ब्रनोत शिकले आणि राहिले. त्यांना लॅटिन भाषेचे इतके वेड होते की ते लॅटिन कवितांना चाली लावत आणि स्वतःही त्या भाषेत लिहीत. ऑगस्ट १९६८ मध्ये सोव्हिएत रणगाडे देशात घुसल्यावर ते बाहेर पडले, काही वर्षे इटलीत राहिले आणि अखेर पश्चिम जर्मनीत वारले. आपल्यासारख्या स्थलांतर करणाऱ्याला त्यांची आठवण यावी, एवढ्यापुरते हे सांगितले.

ब्रनोत आपण ज्या भागात घर पाहत आहात, तिथून मासारिक विद्यापीठाची कला शाखा जवळ आहे. तिचा पत्ता ज्या रस्त्याचा आहे तो आर्ने नोव्हाक (१८८०–१९३९) या साहित्येतिहासकाराच्या नावाचा. ते या विद्यापीठात प्राध्यापक आणि शेवटी कुलगुरू होते. त्यांच्या आई तेरेझा नोव्हाकोव्हा (१८५३–१९१२) या कादंबरीकार, पूर्व बोहेमियातल्या खेड्यांतल्या पोशाखांचा व चालीरीतींचा अभ्यास करणाऱ्या संशोधक आणि स्त्रियांच्या चळवळीतल्या कार्यकर्त्या होत्या. मुलाचे नाव नोव्हाक आणि आईचे नोव्हाकोव्हा, हे इथे एका घरात दिसते. नकाशावर हा रस्ता शोधताना 'आर्ने नोव्हाक' असे टाकले तर मात्र तो सापडेलच असे नाही, कारण पाटीवर 'आर्ना नोव्हाका' असे आहे, म्हणजे आर्ने नोव्हाकचा रस्ता. विभक्ती लागली की तिथे नावाचे आणि आडनावाचे, दोघांचेही रूप बदलते. याविषयी पुढे येईनच.

प्रागला गेलात तर व्होदिच्कोव्हा रस्त्यावरची 'उ नोव्हाकू' ही इमारत जरूर पाहा. 'उ नोव्हाकू' म्हणजे नोव्हाकांकडे. विसाव्या शतकाच्या आरंभी ओस्वाल्द पोलीव्हका या वास्तुविशारदाने ती नोव्हाक नावाच्या व्यापाऱ्याच्या मोठ्या दुकानासाठी बांधली. दर्शनी भिंतीवर व्यापार आणि उद्योगाचे रूपक असलेले यान प्राइसलर यांचे रंगीत मोझेक आहे, आणि आता आत नाट्यगृह आहे. त्याच प्रागच्या लिबेन भागात मात्र वेगळे नोव्हाक राहत होते. २७ मे १९४२ रोजी तिथे नाझी अधिकारी राइनहार्ड हायड्रिख याच्यावर हल्ला झाला, त्यानंतर हल्लेखोरांपैकी जखमी झालेला यान कुबिश सायकलवरून निसटला आणि आश्रयासाठी या कुटुंबाकडे आला. त्याने मागे सोडलेली रक्ताळलेली सायकल आणायला घरातली चौदा वर्षांची मुलगी गेली. तिचे नाव यिंद्र्झिश्का नोव्हाकोव्हा. पुढे सारे कुटुंब पकडले गेले आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये माउटहाउझेनच्या छळछावणीत त्यांना ठार मारण्यात आले. आपली मुलगी अकरा वर्षांची आहे असे आपण लिहिले आहे. तिथल्या शाळेत हा इतिहास तिच्या कानांवर येईल, म्हणून आपल्यालाही तो माहीत असावा.

खेळांत तर यिर्झी नोव्हाक नावाचे दोन खेळाडू आहेत. एक आइस हॉकीतला, १९७६ आणि १९७७ चा विश्वविजेता, आणि दुसरा टेनिसपटू, जो २००२ मध्ये जागतिक क्रमवारीत पाचव्या स्थानापर्यंत पोचला. घरात आजोबा बोलत असतील तर पहिला आणि वडील बोलत असतील तर दुसरा, असा माझा अंदाज सहसा चुकत नाही. आणि अमेरिकेत गेलेल्या नोव्हाकांचे काय झाले, याचे उदाहरण म्हणजे अभिनेत्री किम नोव्हाक. तिचा जन्म १९३३ मध्ये शिकागोत, चेक वंशाच्या कुटुंबात झाला. चित्रपट कंपनीने तिचे मेरिलिन हे नाव बदलून किम केले, आडनावही बदलायला सांगितले, पण ते तिने बदलू दिले नाही. एक गोष्ट मात्र अमेरिकेने आधीच काढून घेतली होती. आई-वडिलांच्या देशरीतीप्रमाणे ती नोव्हाकोव्हा असायला हवी होती, पण तिथे मुलीलाही वडिलांसारखेच नोव्हाक लावतात.

इथे आपली दुसरी शंका येते. 'ओव्हा' हा प्रत्यय मुळात 'चा-ची-चे' या अर्थाचा आहे, म्हणजे नोव्हाकोव्हा ही नोव्हाकची, मग ती बायको असो की मुलगी. आपल्याकडे पाटलाची पाटलीणबाई होत असे आणि देशपांड्यांची देशपांडीणबाई, त्याच जातीचा हा व्यवहार आहे, फरक इतकाच की आपल्याकडे तो बोलण्यापुरता राहिला आणि तिथे तो जन्मदाखल्यावर गेला. सगळीच आडनावे 'ओव्हा' घेत नाहीत. नोव्होत्नी, चेर्नी, व्हेसेली ही विशेषणे आहेत, म्हणून त्यांची स्त्रीलिंगी रूपे नोव्होत्ना, चेर्ना, व्हेसेला अशी होतात. १९९८ ची विम्बल्डन विजेती याना नोव्होत्ना ब्रनोचीच. तिचे वडील नोव्होत्नी.

आता आपल्यापुरते. आपण परदेशी नागरिक म्हणून येत आहात, त्यामुळे आपल्या निवासपत्रावर पासपोर्टातलेच नाव येईल. पासपोर्टाच्या तळाशी ज्या दोन यंत्रवाचनीय ओळी असतात त्यांवरून ते उतरवले जाते, आणि त्यात कुणी 'ओव्हा' जोडत नाही. चेक स्त्रियांनाही १ जानेवारी २०२२ पासून लग्नाच्या वेळी कारण न देता पुरुषी रूप निवडता येते. त्याआधी त्यासाठी परदेशी नवरा, परदेशी वास्तव्य किंवा अल्पसंख्याक समाजाचे असणे असे काहीतरी दाखवावे लागे. म्हणजे कायद्याने आपण पाटीलच. पण लोकांच्या तोंडी आपण पाटिलोव्हा होणार, यात शंका नाही. तिथली वृत्तपत्रे थॅचर यांना थॅचरोव्हा आणि इंदिरा गांधींना गांधीओव्हा करतात, तिथे आपली काय कथा. माझा सल्ला असा की बोलण्यात जे म्हणतील ते म्हणू द्यावे, त्यात अनादर नसतो, उलट आपल्याला त्यांच्या व्याकरणात घेतल्यासारखे असते. कागदावर मात्र एकही 'ओव्हा' राहू देऊ नये.

याचा धडा मला एका दवाखान्यात मिळाला. आमचे आडनाव चव्हाण. पासपोर्टावर ते 'सी-एच' ने सुरू होते, आणि चेकमध्ये ही दोन अक्षरे मिळून घशातल्या 'ख'चा उच्चार होतो. मी प्रतीक्षाकक्षात तासभर बसले होते आणि परिचारिका तीनदा दार उघडून 'पानी खवानोव्हा' (पानी म्हणजे श्रीमती) असे पुकारून गेली होती. तिसऱ्या वेळी खोलीत मी एकटीच उरले होते, तेव्हा तिने माझ्याकडे आणि मी मागच्या भिंतीकडे पाहिले. इथवर हसण्यासारखे होते. पण संगणकातही तिने तेच नाव टाकले होते, त्यामुळे पुढच्या तपासणीच्या चिठ्ठीवर 'ओव्हा' आला, दुसऱ्या ठिकाणी विम्याच्या कार्डाशी नाव जुळेना, आणि एका चिठ्ठीसाठी पाच महिन्यांचा तान्हा मुलगा कडेवर घेऊन मी ट्रामने परत पहिल्या ठिकाणी गेले. आता खिडकीपाशी नाव सांगण्याऐवजी मी कार्डच पुढे करते. आणखी एक, 'सी-एच' हे तिथे स्वतंत्र अक्षर मानतात आणि वर्णमालेत ते 'एच'नंतर येते. कुठल्याही यादीत मी स्वतःला 'सी'खाली शोधत असे आणि सापडत नसे. आपल्याला ही अडचण नाही, पण जोशी, जाधव मंडळींना कळवा की तिथे 'जे'चा उच्चार 'य' होतो.

विभक्तीचे सांगायचे राहिले. मराठी माणसाला यात फारसे अवघड जाऊ नये, कारण गोखल्यांकडे, घाटग्यांना असे आपण रोज म्हणतोच. नोव्हाकला हाक मारताना 'पाने नोव्हाकू', म्हणजे अहो श्रीयुत नोव्हाक, म्हणायचे, त्याला द्यायचे तर 'नोव्हाकोव्ही', आणि त्यांच्या घरी जायचे तर 'क नोव्हाकूम'. स्त्रीला हाक मारताना 'पानी नोव्हाकोव्हा' असेच राहते. आपल्या यजमानांना 'पाने पातिले' अशी हाक ऐकू येईल आणि त्यांच्या वस्तू 'पातिला'च्या होतील. घरमालकांना पहिल्या भेटीत 'दोब्री देन (नमस्कार), पाने नोव्हाकू' एवढे नीट म्हणालात, तर अनामत रकमेची चर्चा थोडी सोपी जाईल, असे माझे अनुभवाचे मत आहे.

इतके नोव्हाक असताना ते एकमेकांपासून वेगळे कसे ओळखतात, असे आपण विचाराल. दोन मार्ग आहेत. एक म्हणजे पदवी. अभियंता असेल तर नावाआधी 'इंग.' आणि डॉक्टर असेल तर त्याची अक्षरे येतातच, बाप आणि मुलगा एकाच नावाचे असतील तर मागे 'थोरला' किंवा 'धाकटा' यांची लघुरूपे लागतात. दुसरा मार्ग जन्मक्रमांकाचा. त्याचे पहिले सहा अंक जन्मवर्ष, महिना आणि दिवस यांचे असतात, स्त्रियांच्या बाबतीत महिन्यात ५० मिळवतात, आणि पूर्ण दहा अंकी संख्येला ११ ने निःशेष भाग जातो. म्हणजे १४ मार्च १९८८ ला जन्मलेल्या बाईचा क्रमांक ८८५३१४ ने सुरू होईल. हा क्रमांक आपल्यालाही मिळेल आणि तो तोंडपाठ करून ठेवावा, कारण सरकारदरबारी खरे नाव तेच आहे.

एक अडचण मात्र खास आपली, महाराष्ट्रातली. आपल्या पासपोर्टात नावाच्या रकान्यात आपल्या नावापुढे यजमानांचे नाव आहे, असे आपण पाठवलेल्या नमुन्यावरून दिसते. चेक नोंदींत ते आपले दुसरे नाव धरले जाईल, आणि बाईला पुरुषाचे नाव कसे, हा प्रश्न खिडकीपलीकडून हमखास येईल. मला एकदा 'हे सोबत आलेत का?' असे विचारले गेले होते. घाबरू नये. ते नाव सगळ्या कागदांवर एकतर सगळीकडे असावे किंवा कुठेच नसावे, आणि विवाहप्रमाणपत्राला भारतातूनच अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी शिक्का, करून आणावे. चेक भाषांतर तिथल्या न्यायालयमान्य भाषांतरकाराकडून करून घेता येते. अर्जात 'जन्मावेळचे आडनाव' असा रकाना असतो. तिथे माहेरचे आडनाव लिहावे, रिकामे सोडू नये.

शेवटी पाटीबद्दल. तिथल्या पत्त्यात बहुधा सदनिकेचा क्रमांक नसतो. पोस्टमन इमारतीच्या दारापाशी येतो आणि घंटीवरचे व टपालपेटीवरचे आडनाव पाहून पत्र टाकतो. पाटी नसेल तर पत्र परत जाते. सरकारी पत्र असेल तर पोस्टमन पेटीत चिठ्ठी ठेवून जातो आणि दहा दिवसांत आपण ते टपाल कार्यालयातून नेले नाही तरी ते आपल्याला मिळाले असे कायदा धरून चालतो. म्हणून किल्ल्या हातात पडतील त्याच दिवशी, सामान उघडण्याआधी, घंटीवर आणि पेटीवर आडनाव लावावे. आमच्या इमारतीत सोळा घंट्या आहेत. त्यांपैकी तीन नोव्हाकांच्या, एकीवर 'इंग.', एकीवर 'धाकटा' आणि एकीवर नोव्हाकोव्हा. त्यांच्याखाली आमची. पहिल्या आठवड्यात मी कागदाच्या चिटोऱ्यावर पेनाने नाव लिहून ते चिकटपट्टीने लावले होते, आणि पावसाने त्यातली शेवटची तीन अक्षरे पुसली. त्या ट्रामचालक नोव्हाकांनी आपल्याकडच्या छापयंत्रावर पांढरी पट्टी काढून दिली. त्यावरही त्यांनी सवयीने 'ओव्हा' घातला होता, तो मी कात्रीने कापून मग पट्टी लावली. आपण कोणत्या स्पेलिंगने पाटी करणार ते पासपोर्टाशी पडताळून मला कळवावे. मी येत्या आठवड्यात आपल्यासाठी दोन पट्ट्या काढून ठेवते, एक घंटीसाठी आणि एक पेटीसाठी.

आपली,
सौ. चव्हाण, ब्रनो